राखीव पस्तीस मिनिटं

२४ ऑगस्ट, शनिवार

आमचा मुलगा श्रीनिवास आज धायरीहून बायको-मुलीसकट बिबवेवाडीला आला आणि चहाच्या आधीच जाहीर केलं की या दिवाळीत आपण सगळे बोटीवर जायचं. क्रूझ. मुंबईहून निघायचं, गोव्याला थांबायचं, कोचीला थांबायचं, परत मुंबई. बुकिंग करूनच आला होता, म्हणजे विचारायला नव्हे, सांगायला. मी म्हटलं, दिवाळीत माणसं घरी असतात. तो म्हणाला, "बाबा, चिल. आम्हाला लीव्ह तेव्हाच मिळते."

माझ्याकडे काम आलं ते नेहमीचंच. बोट गोव्याला सात तास थांबणार, कोचीला आपल्या हातात साडेपाच तास. तेवढ्यात पाच माणसांनी काय बघायचं, कसं जायचं, कधी परतायचं, ते मी ठरवायचं. एसटीत एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बावीस स्वारगेटला वाहतूक नियंत्रक म्हणून. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लावायची आणि किती वाजता सोडायची, हे माझं काम. त्यामुळे घरात सहल निघाली की वेळापत्रक मी करतो, आणि सहलीत सगळे मिळून मला 'कंट्रोलर' म्हणून हसतात. बहात्तर वर्षांचा झालो. एकदा तरी कुणी म्हणावं, बाबा, तुम्ही नुसते चला.

माझ्या बायकोने, सुहासिनीने, लगेच उठून भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखांना गोल केले. कोची तीन नोव्हेंबर, रविवार. त्या दिवशी भाऊबीज आहे. आपल्याला काय त्याचं. सुहासिनीचा भाऊ जाऊन सात वर्षं झाली, आणि मला ओवाळायला कुणी नाही.

३० ऑगस्ट, शुक्रवार

मागण्या आल्या. नात मुक्ता, वय नऊ: हत्ती. सूनबाई आनंदी: जिथे फोटो चांगले येतात ती ठिकाणं, आणि मसाल्यांची बाजारपेठ. श्रीनिवास: समुद्रकिनारा, मासे आणि "थोडा फ्री टाइम". हा फ्री टाइम नकाशात कुठे असतो ते त्याने सांगितलं नाही.

सुहासिनीला विचारलं तर म्हणाली, "मला काही बघायचं नाही हो. कुणाच्या तरी घरी खुर्चीत बसून घोटभर चहा मिळाला तरी पुरे." बंदरावर उतरल्यावर कुणाच्या घरी चहा मिळणार आहे हिला? चव्वेचाळीस वर्षं संसार केला, अजून हिला वेळापत्रक म्हणजे काय ते कळलेलं नाही.

दुपारी पार्सल आलं. केळ्याचे वेफर्स, खोबरेल तेलात तळलेले. हिच्या भजनी मंडळातल्या कुणा मैत्रिणीने पाठवले म्हणे. वर्षातून दोनदा पाठवते. चांगले असतात.

१५ सप्टेंबर, रविवार

गोव्याचा तिसरा आराखडा. गुडघे दुखतात. बसून वेळापत्रक करणाऱ्याचे गुडघे का दुखावेत?

२२ सप्टेंबर, रविवार

कोचीचं जमलं. दहाला बोटीतून बाहेर. टॅक्सीने फोर्ट कोची, तिथली चिनी जाळी, म्हणजे किनाऱ्यावरून मोठ्या लाकडी दांड्यांनी पाण्यात सोडतात ती. मग जुनं चर्च. साडेबाराला जेवण. मट्टनचेरीचा राजवाडा, मसाल्यांची गल्ली. साडेतीनच्या आत बोटीत. हत्ती बसत नाही. मुक्ताला बोटीवरच कुठेतरी चित्रात हत्ती दाखवू.

दोन दहा ते दोन पंचेचाळीस मी राखीव ठेवले आहेत. आमच्याकडे प्रत्येक डेपोत एक राखीव गाडी असायची, एखादी बंद पडली तर पाठवायला. तसंच हे. पस्तीस मिनिटं मधेच का ठेवली, शेवटी का नाही, असं श्रीनिवासने विचारलं. मी म्हटलं, परतताना तोपुंपडी नावाचा भाग लागतो, पुलाच्या अलीकडे, तिथे रहदारी असते. त्याने फोनमध्ये बघून सांगितलं, रविवारी नसते. असते.

९ ऑक्टोबर, बुधवार

रियाज आला होता. रियाज आमच्या डेपोचा ड्रायव्हर, माझ्याआधी दोन वर्षं निवृत्त झाला. महिन्यातून एकदा चहाला येतो आणि मला अजून साहेब म्हणतो. टेबलावरचं वेळापत्रक त्याने चष्मा लावून वाचलं आणि बोट ठेवलं.

"साहेब, ही राखीव कुठल्या फलाटाला लागणार?"

"राखीव आहे. लागेल तिथे."

"श्यामलाताई कोचीलाच असतात ना?"

मी म्हटलं, असेल. लाखो माणसं राहतात तिथे. रियाज बशीतला चहा प्यायला.

आता लिहूनच टाकतो. या वहीत नाही लिहिलं तर कुठे लिहिणार?

श्यामला माझी बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. १९९० च्या जूनमध्ये तिने ऑफिसातल्या थॉमसशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. आईने दार लावून घेतलं, मीही बोलणं टाकलं. आठवड्याने ती दोघं कायमची केरळला निघाली. थॉमसचा भाऊ बेळगावला होता, आधी तिकडे. स्वारगेटहून पावणेसातची बेळगाव गाडी, फलाट चार. ड्यूटीवर मी, गाडीवर रियाज.

सहा चव्वेचाळीसला श्यामला माझ्या खिडकीशी आली. म्हणाली, "दादा, घराशेजारच्या दुकानात मी फोन केला होता. आई निघालीय रिक्षाने. गाडी पाच मिनिटं थांबव." मी तिच्याकडे बघितलं नाही. वहीत बघत म्हटलं, गाडीची वेळ झाली आहे, प्रवाशांनी जागेवर बसावं. आणि माइकवरून बेळगाव गाडी मीच पुकारली.

आई आली तेव्हा सहा एक्कावन्न झाले होते. हातात पितळेचा डबा. रिक्षातून उतरताना तिच्या हातून तो पडला, झाकणाला पोचा आला. रिकाम्या फलाटावर ती बराच वेळ उभी होती. त्यानंतर सहा वर्षं आई जगली आणि या विषयावर माझ्याशी एक शब्द बोलली नाही. जेवायला वाढताना मात्र माझ्याकडे बघायची नाही.

नियमाने पाहिलं तर माझं काही चुकलं नाही. गाडीत बावन्न माणसं होती. हे मी चौतीस वर्षं स्वतःला सांगतो आहे आणि आता सांगून सांगून कंटाळलो.

रियाज जाताना चपला घालत म्हणाला, "साहेब, त्या दिवशी मी गेटवर गाडी बंद पाडली होती. मुद्दाम. तीन मिनिटं थांबलो, आई येतायत का बघत. मग मागची सातारा गाडी हॉर्न मारायला लागली."

"हे आज सांगतोस?"

"तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही रिपोर्ट केला असता."

केला असता. म्हणजे गाडी गेटमधून अठ्ठेचाळीसला निघाली. तीन मिनिटांनी चुकली.

१० ऑक्टोबर, गुरुवार

कालचं वाचलं. पान फाडणार होतो, नाही फाडलं.

श्यामला पहिली काही वर्षं भाऊबीजेला पाकीट पाठवायची. आत कुंकू आणि अक्षता. मी उघडत नसे, सुहासिनी उचलून ठेवायची. पुढे पाकिटं बंद झाली. कंटाळली असेल, किंवा विसरली. एक पाकीट जुन्या फायलीत सापडलं. पाठीमागे पत्ता आहे, तोपुंपडीचा. घर बदललंही असेल.

सुहासिनी गॅलरीत फोनवर हसत होती. दर गुरुवारी त्या मंडळातल्या मैत्रिणीचा फोन असतो. इतकं काय बोलायचं असतं?

२० ऑक्टोबर, रविवार

वेळापत्रकाच्या पाच प्रती काढल्या, प्रत्येकाच्या हातात एक. श्रीनिवासने फोटो काढून कागद तिथेच ठेवला.

सुहासिनीने मात्र शेवटपर्यंत वाचला. "हे राखीव कशासाठी आहे हो?"

"अडीअडचणीला."

"अडचणीचं नाव लिहा ना. म्हणजे बाकीचे त्या वेळेला हात लावणार नाहीत."

"वेळापत्रकात नावं लिहीत नाहीत."

तिने माझ्याकडे बघितलं आणि भाजी निवडायला गेली. काय बोलायचं होतं कुणास ठाऊक.

३१ ऑक्टोबर, गुरुवार. बोटीवर

पहाटे अभ्यंगस्नान, फराळाचा एक घास, मग मुंबई. बंदरावर तीन रांगा, प्रत्येक रांगेत तेच कागद. बोट म्हणजे आडवी पडलेली सोसायटी आहे. लिफ्टला तिथल्यासारखीच गर्दी. खोलीत खिडकी नाही. मला खिडकी नको होती, पण नसल्यावर हवीशी वाटते.

सुहासिनीची बॅग उचलवेना. आत फराळाचा पितळी डबा. घरात प्लास्टिकचे सतरा डबे असताना हे ओझं कशाला? म्हणाली, "टॅक्सीवाल्याला देऊ दिवाळीचं." टॅक्सीवाल्याला पितळी डबा!

१ नोव्हेंबर, शुक्रवार. गोवा

सात तासांतून काय उरलं ते लिहितो. मुक्ताचा बूट खोलीत राहिला, पंचवीस मिनिटं. टॅक्सीच्या भावावरून श्रीनिवासची घासाघीस, वीस. मंगेशीच्या देवळात आनंदीचे फोटो. शहाळं, प्रत्येकाला वेगवेगळ्या मलईचं. गोव्याला चाळीस मिनिटं राखीव होती, ती दुपारी बाराच्या आत संपली. किनारा धावत बघितला. मी बघितलाच नाही, टॅक्सीत बसून घड्याळ बघत होतो.

डेपोतही असंच व्हायचं. राखीव गाडी तयार ठेवली की आठच्या आत कुणीतरी पळवायचाच. ती कुणाच्या नावावर नसते ना.

मी ओरडलो. श्रीनिवास म्हणाला, "बाबा, हॉलिडे आहे, ड्यूटी नाही." त्यावर मुक्ता म्हणाली, "आजोबांना सुट्टीचं टेन्शन येतं." सगळे हसले. मी खूप थकलोय. कोचीला पण असंच झालं तर?

झालं तर झालं. राखीव काही कुणासाठी नाहीच.

२ नोव्हेंबर, शनिवार. समुद्रात

पाडवा. सुहासिनीला ओवाळायचं होतं, पण बोटीवर काडी ओढायला बंदी. तिने मुक्ताच्या खेळण्यातला बॅटरीचा दिवा तबकात ठेवून ओवाळलं. मला हसू आलं आणि मग आलं नाही.

संध्याकाळी विचारत होती, उद्या कुठली साडी नेसू? मी म्हटलं, ऊन असेल, साधी नेस. तिने पैठणी काढून ठेवली. चिनी जाळ्यांना काय कळणार आहे पैठणीतलं?

मी ते फायलीतलं पाकीट शर्टाच्या खिशात ठेवलं आहे. पत्ता हाताशी असावा, हरवलोच तर कामाला येतो.

३ नोव्हेंबर, रविवार. कोची सोडल्यावर

क्रमाने लिहितो.

दहाला बाहेर पडायचं होतं, बाहेर पडायच्या रांगेतच दहा चाळीस झाले. म्हणजे पस्तीस मिनिटं राखीव गेली आणि वर पाच आणखी. अजून टॅक्सीतही बसलो नव्हतो. मी कुणाला काही बोललो नाही. कशासाठी ठेवली होती तेच सांगितलं नव्हतं, तर गेली म्हणून कुणाशी भांडणार?

फोर्ट कोचीला कोळ्यांनी मुक्ताला जाळ्याची दोरी ओढू दिली. चार धिप्पाड माणसं आणि ही एवढीशी. जाळं वर आलं तेव्हा त्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मासे होते आणि मुक्ता अशी नाचली की मला थांब म्हणवेना. अर्धा तास गेला. मग मी म्हटलं, चर्च राहू दे. श्रीनिवास माझ्याकडे बघतच राहिला. जेवण चाळीस मिनिटं आलंच नाही. मी म्हटलं, राजवाडा राहू दे. आनंदी हळूच म्हणाली, "बाबा, तुम्हाला बरं वाटत नाहीये का? आपण सरळ बोटीवर जाऊ या."

"नको," मी म्हटलं. जरा जोरात म्हटलं.

मसाल्यांच्या गल्लीत वेलदोडे घ्यायला आनंदी आणि मुक्ताने किती वेळ लावला ते लिहीत नाही. सुहासिनी मात्र गाडीतच बसून होती, मांडीवर डबा घेऊन. टॅक्सी निघाली तेव्हा दोन चाळीस. तोपुंपडीला गर्दी होती. मी आधीच सांगितलं होतं. पुलाच्या अलीकडच्या सिग्नलला दोन चोपन्न. मनात हिशोब मांडला. पूल, बंदराचं गेट, रांग. साडेतीनला दार बंद. सगळं घाईने केलं तरी उरतात पाच मिनिटं.

पाच मिनिटांत काय होतं? काहीच होत नाही. एखाद्या दारात जाऊन उभं राहायचं आणि चौतीस वर्षांनंतर सांगायचं की माझ्याकडे पाच मिनिटं आहेत? त्यापेक्षा न गेलेलं बरं. सिग्नल हिरवा झाला. टॅक्सी हलली.

"थांबवा," मी म्हटलं. मराठीतच म्हटलं. ड्रायव्हरला कळलं नाही, तो पुढे निघाला. मी पुढच्या सीटला धरून पुन्हा ओरडलो, "अहो, गाडी थांबवा!"

तेवढ्यात सुहासिनी शांतपणे म्हणाली, "लेफ्ट. मेडिकलच्या दुकानाला लागून लेफ्ट." आणि ड्रायव्हर वळला. हिला ती गल्ली कशी माहीत, हे विचारायला तेव्हा वेळ नव्हता.

तिसरं घर, बैठं. अंगणात रांगोळी. दारात श्यामला उभी होती. केस पांढरे, अगदी आईसारखे. सकाळपासून तशीच उभी असावी असं वाटलं, कारण तिच्यामागे खोलीत खुर्ची मांडलेली होती, खुर्चीभोवतीही रांगोळी होती आणि निरांजनात नवी वात घातलेली होती. जुन्या दोन जळून बाजूला पडल्या होत्या.

"पाचच मिनिटं..." मी बोलायला सुरुवात केली. ती म्हणाली, "पाच मिनिटं आहेत ना? मग बोलू नकोस. बस."

मी बसलो. डोक्याला टोपी नव्हती, श्रीनिवासने रुमाल ठेवला. कुंकू लावताना तिचा अंगठा कपाळावर जरा जोरात दाबला गेला. अक्षता, सुपारी, अंगठी, मग निरांजन. ओवाळणी घालायला खिशात हात घातला तर आधी तिचं ते जुनं पाकीटच हाताला लागलं. तिने ते ओळखलं. म्हणाली, "ओवाळणी पुढच्या वर्षी. रेल्वेने ये, आणि परतीचं तिकीट काढू नकोस." आत थॉमस खोकत होता. मुक्ताने त्याला जाऊन नमस्कार केला.

मग सुहासिनी पुढे झाली आणि तिने डबा श्यामलाच्या हातात दिला. "वन्सं, करंज्या आहेत. डबा परत नको."

मी तो डबा तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला. श्यामलाने झाकणावरच्या पोच्यावरून बोट फिरवलं, दोनदा. झाकण उघडलं नाही. तिला त्या डब्याची हकिकत कुणी सांगितली, मला माहीत नाही. मी कधी सांगितली नव्हती.

ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाली, "बघ दादा. पाच मिनिटांत होतं सगळं."

हे ती हसून म्हणाली नाही. मी खुर्चीतच बसून राहिलो. श्रीनिवास म्हणाला, "बाबा, वेळ." मी म्हटलं, "थांब जरा." पुन्हा म्हणाला. मी पुन्हा तेच म्हटलं. शेवटी श्यामलानेच मला दंडाला धरून उठवलं. टॅक्सीच्या दारापर्यंत आली, दार लावलं आणि ड्रायव्हरला हाताने खूण केली, सोड म्हणून.

पूल मोकळा मिळाला, बंदरावर रांगही नव्हती, म्हणून दार बंद व्हायला तीन मिनिटं असताना आम्ही बोटीत चढलो. सुहासिनी गुडघा चोळत म्हणाली, "घोटभर चहा मात्र राहिला हो." मी तिला गल्लीचं विचारणार होतो. आता उद्या विचारीन. आज अंगात त्राण नाही.

सवयीने नोंद केली. तोपुंपडी, थांबा: ठरलेली पाच मिनिटं, प्रत्यक्ष अकरा. आमच्या वहीत शेवटी उशिराच्या कारणाचा रकाना असायचा. बावीस वर्षं त्यात पंक्चर, घाटात दरड, रहदारी असंच लिहीत आलो. पावणेसातची बेळगाव गाडी सहा एक्कावन्नला सोडली असती तर त्या रकान्यात काय लिहिलं असतं, याचा आज विचार केला. 'आई येत होती', एवढंच लिहायचं होतं. रकान्यात मावलं असतं.